पंक्चर निघेपर्यंत

हायवेच्या काठाला घर असलं म्हणजे सगळं जग दारात येतं, असं लांबच्या माणसांना वाटतं. येत नाही, दारावरून जातं. आमचं नसरापूरचं घर चेलाडी फाट्याजवळ, पुणे-सातारा रस्ता सोडून गावाकडं वळलं की लगेच. ओट्यावरून सगळा रस्ता दिसायचा. कात्रजचा बोगदा पार करून, घाट उतरून, खेड शिवापूर मागं टाकून आलेल्या गाड्या कापूरहोळकडं निघून जायच्या. बेळगाव-हुबळीचे ट्रक, महाबळेश्वरला चाललेल्या अँबॅसिडर, कोल्हापूरच्या एसट्या. त्यातली एकही आमच्यासाठी थांबत नसे. थांबायची ती चाकातली हवा गेली म्हणून. आम्हा चुलत आणि आत्येभावंडांना लहानपणी बाहेरची जी काही माणसं भेटली, ती पंक्चरनं भेटवली.

घराला लागून, आमच्याच जागेत, पत्र्याची एक शेड होती. तिचं भाडं आजी घ्यायची, कधी पैशांत, कधी कामांत. दुकान मूळचं सायकलचं. तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या, त्यांच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले. मोटारीचं पंक्चर काढणं मागून सुरू झालं, जसजशा रस्त्यावर गाड्या वाढल्या तसतसं. बाहेर खांबाला एक जुना टायर टांगला, त्यावर चुन्यानं ‘हवा’ लिहिलं, झाली जाहिरात. आत भिंतीवर टायर डोक्यावर उचलून धरलेल्या एम.आर.एफ.च्या पहिलवानाचा पत्रा. हा पहिलवान १९६४ साली जाहिरातीत आला आणि देशभरच्या पंक्चरच्या दुकानांचा कुलस्वामी होऊन बसला. खंडेनवमीला दुकानदार मामा जॅक, पाना, घण आणि लिव्हर ओळीनं मांडून झेंडूची फुलं वाहायचे, तेव्हा एक फूल त्या पहिलवानालाही मिळायचं.

त्या शेडमध्ये आमची जी शाळा झाली ती झेड.पी.च्या शाळेत झाली नाही, हे आमच्या घरातल्या कुणालाही विचारा. कोणतं काम कोणाचं हे ठरलेलं होतं. धाकट्यांनी घमेल्यात पाणी आणायचं. मधल्यांनी नट मोजून तेलाच्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. एक नट मातीत हरवला तर मामा बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. थोरल्यांना लिव्हरला हात लावायची परवानगी होती.

रीत अशी. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिले करायचे, कारण गाडी जॅकवर चढली की चाक नुसतं फिरत राहतं आणि नट हलत नाही. ही साधी गोष्ट शहरातून आलेल्या सुटाबुटातल्या माणसांना ठाऊक नसायची, आणि ती आमच्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरानं सांगितली की त्याची दोन दिवस मान ताठ असायची. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगडाची उटी, मग जॅक, मग चाक बाहेर. व्हॉल्व्हची पिन काढली की उरलेली हवा फुसकन निघून जायची. त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड. टायरची कड रिमला चिकटून बसलेली असते, ती सोडवायची. मामा टायरवर दोन्ही पायांनी उभे राहून घण मारायचे. अँबॅसिडरचा टायर ५.९०–१५चा, फियाटचा ५.२०–१४चा, जीपचा ६.००–१६चा, हे आकडे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. जीपचा टायर सगळ्यात हट्टी. एक लिव्हर अडकवून धरायची, दुसरी वीतभर पुढं घालायची, आणि मधे ट्यूब चिमटली नाही ना हे बोटानं चाचपायचं. चिमटली तर एका पंक्चरची दोन पंक्चरं.

ट्यूब बाहेर आली की तिच्यात हवा भरून ती घमेल्यात बुडवायची, थोडी थोडी फिरवत. बुडबुडे कुठून येतात ते बघायचा मान आळीपाळीनं. त्यावरून भांडणं झाली आहेत, एकदा तर आत्येभावाला घमेल्यातच बसवला होता. भोक सापडलं की तिथं खडूची खूण. मग कानशीनं घासून ट्यूब खरखरीत करायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत पॅच टाकायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायचं, मामा बिडी पेटवायचे. बिडी संपली की पॅच.

ट्रकची आणि जीपची ट्यूब असली तर गार पॅचवर भागत नसे. तिला भाजायचं असायचं. कच्च्या रबराची चकती भोकावर ठेवायची, लोखंडी शिकंज्यात ट्यूब आवळायची आणि वरून एखाद्या मोडीत निघालेल्या इंजिनाचा पिस्टन उलटा बसवायचा. पिस्टनच्या पोटात रॉकेल ओतून काडी लावायची. ते जळून विझेपर्यंत खालचं रबर ट्यूबशी एकजीव व्हायचं. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसानं १८३९ साली रबर आणि गंधक तापवून जी किमया शोधली तीच ही. तो माणूस पुढं कर्जात मेला. आमच्या मामांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, आणि गुडइयर कंपनीशीसुद्धा त्याचा नावापलीकडं संबंध नव्हता, हे आम्हाला फार मागून कळलं. जळत्या रबराचा तो वास मात्र आमच्या सगळ्यांच्या नाकात आहे. काकी म्हणायची, तुमच्या डोक्याला खोबरेल लावलं तरी वास टायरचाच येतो.

आणि या सगळ्यात एक काम होतं जे फक्त पोरांकडं यायचं. ट्यूब दुरुस्त झाली तरी ज्यानं भोक पाडलं तो खिळा किंवा काटा टायरमध्येच असायचा. टायरच्या पोटातून बोटं फिरवून तो शोधावा लागे. मोठ्यांची बोटं जाड आणि राठ, त्यांना टोक कळायचं नाही. आमची कोवळी. हलक्या हातानं फिरवायची, टोचलं की थांबायचं. खिळा काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. शेवटी शंखजिऱ्याची पूड मारून ट्यूब आत, चाक पुन्हा जोडलं, हवा भरली, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचं बोट लावून बघायचं. बुडबुडा आला नाही म्हणजे काम झालं.

खिळे बहुतेक बैलांच्या पायातले. नसरापूरच्या आठवडे बाजाराला मावळातून बैलं यायची, त्यांच्या खुरांना पत्र्या ठोकलेल्या, आणि चालता चालता खिळे ढिले होऊन डांबरावर पडायचे. उसाच्या हंगामात निगड्याच्या राजगड सहकारी साखर कारखान्याकडं गाड्यांची रांग लागायची, त्यात तर विचारू नका. गंमत अशी की उसाच्या गाड्या लाकडी चाकांच्या राहिल्याच नव्हत्या. हवेच्या टायरची बैलगाडी, तिला आमच्याकडं ‘डनलॉपची गाडी’ म्हणायचे. म्हणजे बैलाच्या पायातला खिळा मागच्या बैलगाडीच्याच टायरात. गाडीवान जू खाली टेकवून, बैलांना पेंढा टाकून शेडमध्ये येऊन बसायचा, आणि शेजारी पुण्याचा डॉक्टर. दोघांचा ताप एकच, आणि डनलॉप हे नाव दोघांच्याही टायरावर. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ साली आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलला हवेची धाव बसवली, त्याला आपण कुठवर जाणार आहोत याची कल्पना असेल असं वाटत नाही.

खिळ्यांबद्दल एक कुजबूज मात्र सगळ्या हायवेवर होती आणि ती आमच्याही कानावर यायची: पंक्चरवालेच खिळे टाकतात. अशी दुकानं कुठं ना कुठं असतील, नाही असं म्हणायला आमची जीभ वळत नाही. मामांवर एका ट्रकवाल्यानं तोंडावर हा आळ घेतला तेव्हा मामांनी त्याची ट्यूब तशीच त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “सारोळ्याला दुकान हाय, तिथपत्तूर ढकलत न्या.” तासाभरानं तो परत आला. मामांनी पंक्चर काढलं, पैसे घेतले, चहा मात्र सांगितला नाही. आमच्या घरात तेवढ्यानंही एखाद्याचं मोठेपण ठरायचं.

आता माणसांबद्दल. गाडी बंद पडली की पुरुष चाकाभोवती उभे राहायचे आणि बायका-पोरं उन्हात. आजी ओट्यावरून हाक मारायची, “आवं, तितं उन्हात कशापायी हुबं? या की सावलीला.” पाण्याचा तांब्या आधी, चौकशी मागून. कुठलं गाव, कुठं निघालात, ही सून का लेक. वेळ मोठा लागणार असं दिसलं तर आजी त्यांना बनेश्वरला पिटाळायची. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधलेलं ते देऊळ, झाडीतलं, शिवगंगेच्या कडेचं, चालत जाण्याजोगं. देवळात पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्या लुटीतली. बरोबर वाटाड्या म्हणून आमच्यापैकी कोणीतरी. घंटेची गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली की प्रत्येकाची वेगळी झाली. एकाच्या गोष्टीत चिमाजीअप्पा स्वतः घंटा खांद्यावर घेऊन नसरापूरला आले होते. मुंबईच्या एका आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि परत येताना साल, लढाई, तह सगळं नीट समजावून सांगितलं. ते इतिहासाचे शिक्षक निघाले. पुढं कितीतरी वर्षं दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड यायचं.

सगळेच असे नव्हते. आमच्या तांब्यातलं पाणी नको म्हणून गाडीतच बसून राहिलेली माणसंही आम्ही पाहिली. आजीला थेट जात विचारणारीही पाहिली. एका बाईंनी निघताना ओट्यावर पाच रुपयांची नोट ठेवली, आजीनं ती उचलून त्यांच्या पोराच्या खिशात घातली आणि “खाऊ घे” म्हणाली. बाईंना लागलं असावं. लागावं म्हणूनच केलं होतं.

एक रात्र आमच्या घरात अजून हळू आवाजात सांगितली जाते. जत्रांचे दिवस होते, चैत्र. तमाशाच्या फडाचा ट्रक बसला, मागचं आतलं चाक. ट्रकचं चाक म्हणजे मोठं प्रकरण. रिमला लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसली नाही आणि उडाली तर समोरच्याचा जीव घेते. म्हणून मामा चाकाला साखळी गुंडाळायचे आणि आम्हाला हाकलून लावायचे. त्या रात्री आम्हाला हाकलायचं कारण दुसरं होतं. फडातल्या बायका खाली उतरल्या होत्या. घरातले पुरुष एकाएकी आत गेले, नानांना अचानक झोप आली. आजी तेवढी ओट्यावर. तिनं दिवा मोठा केला आणि विचारलं, “जेवलासा का?” नव्हत्या जेवल्या. भाकऱ्या होत्या, लसणाची चटणी होती, कालवण कमी पडलं म्हणून ताक झालं. त्यातली एक आमच्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल, ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली, पिशवीतली घुंगरं मांडीवर. पहाटे ट्रक गेला. आठवड्यानं शेजारच्या गावात त्याच फडाचा खेळ लागला तेव्हा बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, “त्या आपल्याकडं जेवून गेल्यात.” तिला गप्प करण्यात आलं. आजी म्हणाली, “खोटं बोलली का ती?” आणि विषय तिथं संपला.

ही सगळी आजीची बाजू झाली. काकीची बाजू निराळी आहे, आणि ती लिहिली नाही तर ती मला घरात घेणार नाही. आम्ही भावंडं जमलो आणि पंक्चरच्या गोष्टी सुरू झाल्या की काकी आतून ओरडते, “तुमच्या आठवणीत चहा हाय. त्यो उकळत कोन हुतं?” खरंच आहे. आजीनं ओट्यावरून आत नुसतं बघितलं की दोन्ही काक्या आणि आई उठायच्या. दूध घरचं होतं, पण साखर आणि रॉकेल रेशनचं. महिन्याचं रॉकेल ठरलेलं, आणि त्यातलं अर्धं परक्यांच्या चहाला. रात्री-अपरात्री गाडी बसली तरी तेच. पाव्हण्यांनी आजीला हात जोडले, मामांना पैसे दिले, आमच्या गालाला हात लावले. चुलीपाशी कोणी आलं नाही. इतिहासाच्या मास्तरांच्या पोस्टकार्डांवरही ‘आजींस नमस्कार’ असायचा, काक्यांचा उल्लेख नाही. काकी ती पोस्टकार्डं चूल पेटवायला वापरायची. आम्हाला तेव्हा वाईट वाटायचं.

रस्त्यावरून आलेल्या पंक्चर झालेल्या माणसाला दार उघडल्यावर कुठं काय घडेल सांगता येत नाही. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी एक सायकलवाला असाच आपली बसलेली धाव घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. तेव्हा डनलॉपचा टायर रिमला डिंकानं चिकटवलेला असायचा. काढायला काही तास, वाळायला रात्र, आणि एवढं करून तो पुन्हा बसला. त्या वैतागातून मिशेलिननं रिमवरून काढता येणारा टायर केला, १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलची शर्यत त्या टायरवर जिंकली गेली. आमच्याकडं एवढी माणसं येऊन गेली, पण चहापलीकडं काही शोध लागला नाही.

परक्यांची पंक्चरं हायवेवर, आमची स्वतःची वेल्ह्याच्या रस्त्याला. नानांनी जुनी जीप घेऊन वडाप सुरू केलं होतं, नसरापूर ते वेल्हे. आंबवणे, मार्गासनी, विंझर. वेल्हे तालुक्याला राजगडचं नाव द्यायचं सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, पण वडापवाले अजून “वेल्हं, वेल्हं” असंच ओरडतात. त्या काळी रस्ता खडीचा, पावसाळ्यात कडा वाहून गेलेल्या. जीपमध्ये माणसं किती बसतात याला कायद्यात उत्तर असेल, नानांकडं नव्हतं. चारही टायर रिमोल्ड केलेले, आतून गेटर टाकलेले, आणि स्टेपनी अशी की ती घालण्यापेक्षा पंक्चर बरं. चाक बसलं की सगळे उतरायचे. कोंबड्यांच्या पाट्या, इंद्रायणीची पोती, राजगडला निघालेली पुण्याची पोरं त्यांच्या सॅकांसह. जॅक जीपमध्ये असला तर चालू नसायचा. मग दहा-बारा जण एका बाजूनं जीप उचलून धरायचे आणि कोणीतरी खाली दगड सारायचा. इथं पैसे देणारा आणि फुकट येणारा असा भेद राहत नसे, सगळ्यांनी खांदा द्यायचा. राजगड चढायला आलेली पोरं हौसेनं पुढं व्हायची, आणि नाना त्यांना भाड्यात सूट द्यायचे नाहीत.

एकदा विंझरच्या पुढं चाक बसलं आणि स्टेपनीही बसलेली निघाली. अंधार पडत आला, पाऊस. नानांनी शेजारच्या खळ्यातून भाताचा पेंढा मागून आणला, ट्यूब काढून टायरात कोंबून कोंबून भरला आणि त्या पेंढ्यावर जीप हळूहळू नसरापूरपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी टायर उघडला तेव्हा आतला पेंढा कुटून भुसा झालेला. नानांनी तो म्हशीपुढं टाकला. म्हशीनं तोंड लावलं नाही. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी सासरी, ऑफिसात, परगावी सांगितली आहे, आणि कुणीही विश्वास ठेवलेला नाही.

एसटीचं पंक्चर आम्हाला आवडायचं, कारण त्यात आमचं काही काम नसे. ड्रायव्हर आणि कंडक्टर बघून घ्यायचे, फारच झालं तर भोर डेपोची मागून येणारी गाडी प्रवाशांना घ्यायची.

जुनी ट्यूब आणि टायर फुकट गेलेला आमच्या पिढीला आठवत नाही. ट्रकच्या ट्यूबवर आम्ही नदीत पोहायला शिकलो, व्हॉल्व्ह पोटाला लागून ओरखडे उठायचे. ट्यूबच्या पट्ट्यांची गलोल, भाऱ्याला बांधायला रबर, टायरच्या तळाच्या वहाणा. सायकलचा टायर काठीनं पळवत बाजारापर्यंत जायचं आणि यायचं. टायर महाग आणि टंचाईचे होते, हे कारण तेव्हा कळत नव्हतं.

मामा थकल्यावर शेड एका मल्याळी माणसाला दिली. महाराष्ट्राच्या हायवेवर तेव्हा जागोजाग केरळचे पंक्चरवाले येऊन बसत होते. देशातलं रबर पिकतं मुख्यतः त्यांच्याकडं, एम.आर.एफ.ही मूळच्या केरळी माणसाची कंपनी. त्यामुळं रबर आणि ही माणसं एकाच वाटेनं आली असावीत, अशी आमची समजूत होती. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कॉम्प्रेसर त्यानं आणला, रात्रभर दिवाही त्यानंच लावला. तो शेडमध्येच झोपायचा, चाक घासत येण्याच्या आवाजानं उठून बसायचा. ओणमला तो केळ्याचे वेफर आणून द्यायचा आणि आजी पुरणपोळी. मराठी तो आमच्यापेक्षा स्पष्ट बोलायचा, शिव्या सोडून. त्या त्याच्या भाषेतच राहिल्या.

मग रस्ता चौपदरी झाला, आणि २०१० नंतर सहापदरीचं काम निघालं ते वर्षानुवर्षं चाललं. पण आमच्याकडं माणसं यायची थांबली ती रस्त्यामुळं नव्हे. ट्यूब गेली म्हणून. ट्यूबला खिळा लागला की हवा एकदम निघून जाते, गाडी आहे तिथं थांबवावीच लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसतो आणि स्वतःच बूच होऊन राहतो. हवा सावकाश जाते. माणूस सातारा गाठतो, जेवतो, मग सवडीनं दुकान बघतो. तिथला पोरगा चाक न काढता खिळा उपसतो, डिंकात भिजलेली दोरी भोकात खुपसतो, टोक कापतो आणि फोनवर पैसे घेतो. ट्यूब होती तोवर कुठं थांबायचं हे खिळा ठरवायचा. आता ड्रायव्हर ठरवतो. २०२० साली तर केंद्र सरकारनं नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारं यंत्र आणि दुरुस्तीची पेटी असेल तर छोट्या मोटारीला स्टेपनी ठेवायची सक्ती उरली नाही. नव्या गाड्यांच्या डिकीत त्या जागी काय ठेवतात हे मी भावाला विचारलं. तो म्हणाला, बॅडमिंटन.

आम्ही भावंडं आता पांगलो आहोत, बहुतेक पुण्यात, नऱ्हे आणि हिंजवडीच्या बाजूला. शिकलेलं कोणी विसरलं नाही, पण उपयोग एकटीनंच केला. थोरली बहीण साताऱ्यात असते. खंबाटकीच्या अलीकडं रात्री तिच्या गाडीचा टायर फुटला, तेव्हा जावई मोबाइलवर मदतीचा नंबर लावत होते. फोन लागेपर्यंत तिनं साडीचा पदर खोचला, नट ढिले केले, मग जॅक लावला आणि स्टेपनी चढवली. मदतवाला म्हणाला, चाळीस मिनिटं लागतील. जावई म्हणाले, राहू द्या. तिच्या सासरी हे कौतुकानं सांगतात, आमच्याकडं मात्र तिनं आधी नट ढिले केले की जॅक लावला एवढंच विचारलं गेलं.

गेल्या दिवाळीला सगळे जमलो तेव्हा वाद झाला तो नवरदेवाच्या फियाटवरून. भोरला लग्न होतं, मुहूर्त जवळ आलेला, आणि चाकाचा एक नट गंजून बसलेला, काही केल्या फिरेना. नवरदेव मुंडावळ्या बांधलेल्या, घामानं निथळलेला. नानांनी त्याला कोणाच्या तरी गाडीवर मागं बसवून भोरला धाडला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. आत्येभाऊ म्हणतो राजदूत होती. धाकटा म्हणतो बजाज चेतक, कारण त्याला पुढं उभं राहून जायचं होतं आणि नाना नको म्हणाले. बहीण म्हणते दुकानातली भाड्याची सायकल, आणि नवरदेव स्वतः चालवत गेला. त्यावर दोघं तिच्या अंगावर आले, भोर काय सायकलवर जायची जागा आहे का, मुहूर्तच टळला असता. तो टळला की नाही यावर दुसरा वाद.

काकी आत करंज्या तळत होती. ती झारा घेऊन बाहेर आली. “त्यो कशावर गेला त्ये मला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “मागं ऱ्हायलं त्येंची म्या मोजदाद केलीया. वरमाय, दोन करवल्या, बँडवालं नऊ. समद्यांनी दोन-दोन येळा चहा पिला. आन् त्या बँडवाल्यांतला एक माजी गाळणी घिऊन गेलाय.”